क्रूझवरच्या संध्याकाळी तुम्ही काय घातलं? अनुभव लिहा

साखरपेठ:
परवा सोलापूरच्या चाटी गल्लीत ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. शेजारी नवं लग्न झालेलं एक जोडपं बसलेलं. दुकानदार त्यांच्यापुढे टिकल्यांचा लांब गाऊन उलगडून सांगत होता, "क्रूझला हेच लागतं ताई, साडी तिथं चालत नाही." मुलगी किमतीचं लेबल बघून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई गं, तुझ्या लग्नातली एखादी रेशमी साडी असेल ना, तीच ने. दुकानदाराला राग आला, येऊ दे.

घरी येईपर्यंत सासूबाईच डोळ्यांसमोर. मुलाने आम्हाला भूमध्य समुद्रातल्या क्रूझला नेलं होतं. बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, नेपल्स असा फेरा. सासूबाई कायम नऊवारीत. सफरीच्या कागदावर 'गाला नाइट', म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, असं वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवून या, मी खोलीतच दहीभात मागवते." मी त्यांना अंजिरी इरकल नेसवली. लाल-पांढरा टोपपदर, खणाची चोळी, नथ. डायनिंग हॉलच्या दारात हेड वेटरने हात पुढे केला आणि टेबलापर्यंत धरून नेलं. मोठ्या जिन्याजवळ जहाजाचा फोटोग्राफर होता, आमच्यामागे रांग खोळंबली तरी तो त्यांचेच फोटो काढत राहिला. पुढच्या टेबलावरची एक इटालियन बाई पदर हातात घेऊन बघत होती. सासूबाईंनी तिला टोपतेणी समजावली, पदराचे धागे अंगाच्या धाग्यांना एकेक करून कसे जोडतात ते, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, दोन्ही हातांनी. तिला ते कळलंसुद्धा! त्या रात्री हॉलमध्ये काळे सूट आणि गाऊन पुष्कळ होते, पण आमच्या टेबलाइतकं देखणं कुठलंच नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगेन.

तुम्ही काय नेलं, काय उपयोगी पडलं, सगळं लिहा. पुरुषांनीही लिहा, तुमच्यावर तर सूटचा फारच धाक घालतात.

होटगीरोड:
मुंबई-गोवा, कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ. फार विचार करू नका. कुर्ते, पंजाबी ड्रेस, शिफॉन साड्या, कुणी थ्रीपीस, सगळं एकाच रांगेत. फक्त डेकवरचा वारा! रात्री जहाज वेगात असतं तेव्हा पदर हातात राहत नाही. खांद्यावर, कमरेला, निऱ्यांना पिना लावूनच वर जा. किंवा जेवण-शो साडीत आणि डेकवर जाताना कुर्ता. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

भैय्याचौक:
साखरपेठताई, डोळ्यांत पाणी आणलंत. आजी आता कशा आहेत?

साखरपेठ:
ठणठणीत. ८३ चालू आहे. आता अलास्का म्हणतायत.

मधलामारुती:
पुरुषांच्या बाजूने लिहितो. आमच्या सहल कंपनीने बैठकीत ठणकावलं होतं की काळा सूट, टाय, काळे बूट सक्तीचे, नाहीतर जेवायला आत सोडणार नाहीत. ग्रुपमधल्या निवृत्त माणसांनी मे महिन्यात सूट शिवायला टाकले. सोलापूरचा मे! ट्रायल रूममध्ये घामाने अस्तर अंगाला चिकटत होतं. बोटीवर बघतो तर कागदावर स्पष्ट छापलेलं, सूट किंवा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख. मी जोधपुरी बंदगळा नेला होता, तो गाला नाइटला चालला आणि परत आल्यावर पुतण्याच्या लग्नातही चालला. सूट शिवलेल्यांच्या पैशाचं मला फार वाईट वाटतं. आधी क्रूझ कंपनीच्या साइटवर ड्रेस कोडचं पान स्वतः वाचा. मधल्या माणसाचं ऐकू नका.

होटगीरोड:
+१

पोर्टसाइड_मुलगा:
मी सोलापूरचाच, हॉटेल मॅनेजमेंट करून सध्या जहाजावर डायनिंगला आहे. ब्रेकमध्ये लिहितोय. दारात उभं राहून आम्ही काय बघतो ते सांगतो.

अडवतो ते स्विमसूट, ओले कपडे, अनवाणी पाय. बऱ्याच कंपन्यांत रात्रीच्या मुख्य हॉलमध्ये पुरुषांचा बनियन-टाइप बिनबाह्यांचा टीशर्ट आणि बीचची हाफपँटही चालत नाही. फाटकी जीन्स बहुतेक ठिकाणी नको असते, साधी गडद जीन्स आणि कॉलरचा शर्ट स्मार्ट कॅज्युअलमध्ये, म्हणजे साध्या पण नीटनेटक्या पोशाखात, बसतो. साडी, सलवार-कमीज, शेरवानी, कुर्ता-जाकीट यांना कुणीही अडवत नाही. उलट आमचे मॅनेजर वळून बघतात.

कंपनीप्रमाणे फरक मोठा आहे. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ सारख्या जहाजावर गाला इव्हिनिंग मनापासून पाळतात, संध्याकाळी सहानंतर बहुतेक जागी नीटनेटकं राहावं लागतं, मास्करेड (मुखवट्यांची) किंवा ब्लॅक अँड व्हाइट अशी थीम असते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर औपचारिक रात्रीची सक्तीच नाही. रॉयल कॅरिबियनवर सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन संध्याकाळी नटायच्या, बाकी साध्या. आणि बहुतेक जहाजांवर ज्याला नटायचं नाही त्याला बुफे उघडा असतो. उपाशी कुणी झोपत नाही, काकूंना सांगा 😊

साखरपेठ:
बाळा, आईला आठवड्यातून फोन करतोस ना?

पोर्टसाइड_मुलगा:
हो काकू, वायफाय मिळालं की रोज.

विजापूरवेस:
मी जानेवारीत सिंगापूरहून जाऊलालोय, मित्रांचा ग्रुप हाय. एका रात्री पांढरे कपडे घालायचेत म्हणे. पांढरं म्हटलं की आपल्याला सिद्धेश्वराची गड्डा यात्राच आठवते. यात्रेतली बाराबंदी, बंदांचा पांढरा अंगरखा, न्यावी काय? लई भारी दिसंल राव.

भैय्याचौक:
नको रे. बाराबंदी नंदीध्वजाच्या, यात्रेतल्या उंच काठीच्या, मानाची. सिद्धेश्वरांच्या यात्रेत ती अंगावर येते तेव्हा माणूस व्रतात असतो. डीजेसमोर नाचायला ती नको.

विजापूरवेस:
बरोबर हाय दादा. आमच्या घरातबी आजोबा काठी धरायचे. पांढरा कुर्ता नेतो.

गिरणीकामगाराचीलेक:
विजापूरवेस, पांढरा सुती कुर्ता नेणार असाल तर खळ देऊन कडक करून नेऊ नका. समुद्राच्या दमट हवेत खळ मऊ पडते आणि कपडा दोन तासांत गळून जातो. आपल्याकडची कोरडी हवा तिथं नाही. सुती-रेशमी मिश्रण किंवा जाडसर खादी सिल्क घ्या, ते पडत नाही. माझे वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, कापड हातात घेतलं की सांगायचे कुठल्या हवेत कसं वागेल.

साड्यांबद्दल म्हणाल तर गाला नाइटला रेशमी इरकल किंवा हलकी पैठणी, बाकीच्या दिवशी क्रेप, जॉर्जेट. जरीवर थेट अत्तर मारू नका, काळी पडते. आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग नेसा.

जुळे_सोलापूर:
आम्हाला इस्त्रीचा त्रास झाला. आमच्या नणंदेने प्रवासी इस्त्री बॅगेत टाकली होती. बॅग स्कॅनरमध्ये पकडली, इस्त्री काढून पावती दिली, शेवटच्या दिवशी परत. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे खोलीत इस्त्री चालत नाही. वाफेची पण नाही. काही कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईखोली असते, तिथं इस्त्री ठेवलेली असते. बाकी ठिकाणी प्रेससाठी द्यायचे, नगावर पैसे.

आम्ही काय केलं, कपडे हँगरला लावून बाथरूममध्ये टांगले आणि गरम पाण्याने आंघोळ केली. वाफेने सुरकुत्या बऱ्यापैकी जातात. खोलीच्या भिंती लोखंडाच्या असतात, चुंबकाचे हुक नेले तर भिंतीवरच साड्या टांगता येतात. कपाट चिमुकलं असतं.

होटगीरोड:
चुंबकाचे हुक कुठं मिळतात नवी पेठेत?

जुळे_सोलापूर:
ऑनलाइन मागवले होते.

पार्कचौक_सर:
थोडा जुना धागा जोडतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला माझे मामा शिकायला लंडनला गेले, बॅलार्ड पिअरवरून बोटीने, सुएझमार्गे. नवी पेठेतल्या शिंप्याने शिवलेला काळा बंदगळा त्यांच्या ट्रंकेत होता. घरी पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की पहिल्या संध्याकाळी कुणीच जेवणासाठी खास पोशाख करत नाही, कारण सामान अजून नीट लागलेलं नसतं, आणि शेवटच्या संध्याकाळीही नाही, कारण ट्रंका पुन्हा बांधलेल्या असतात. मधल्या रात्री मात्र सगळे तयार होऊन येत. मोठ्या प्रवासी बोटींची ही जुनी रीत.

आजही ती तशीच चालते याचा मला फार आनंद वाटतो. मुलीबरोबर गेलो तेव्हा पाहिलं. पहिल्या दिवशी बॅगा बंदरावर देऊन टाकतो, त्या संध्याकाळी उशिरा खोलीच्या दारात येतात. म्हणून पहिल्या रात्रीचा एक जोड, औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवावा. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे कपडे आत राहिलेत ना हे बघून मगच कुलूप लावा. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ नाइट ड्रेसमध्येच बंदरात उतरले, आणि ताठ मानेने उतरले.

बोट म्हटलं की मला आणखी एक आठवतं. आपल्या भैय्या चौकातल्या घरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनेच चीनला निघाले होते. ते परत आले नाहीत. सोलापूरकरांनी समुद्र पाहिला नव्हता असं कुणी म्हणू नये.

भैय्याचौक:
सर, स्मारकात गेल्या महिन्यात मुलांना नेलं होतं. चीनमधून पाहुणे येतात अजूनही.

पार्कचौक_सर:
उत्तम. नेत राहा.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
कपड्यांचं बायकोला विचारा, मी वेगळंच सांगतो. संध्याकाळी जेवून खोलीत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला. दुसऱ्या दिवशी हंस, तिसऱ्या दिवशी हँगरला लटकलेलं माकड, त्याला माझा चष्मा घातलेला. नातवंडं टाळ्या पिटूलालती. मी हत्ती सोडला आणि टॉवेलचे फासे बघत बसलो. चांगला दाट माल, काठ घट्ट, औद्योगिक धुलाईला टिकेल असा. अक्कलकोट रोडला आमचे कारखाने हेच करतात. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, हे खोली साफ करणाऱ्या फिलिपिनो मुलाला सांगितलं. त्याने मला हत्ती करायला शिकवला. दोन टॉवेल लागतात, एक पायांना, एक सोंडेला.

गिरणीकामगाराचीलेक:
व्हिडिओ टाका की हत्तीचा!

टॉवेलवाला_एमआयडीसी:
नातवाकडे आहे, संध्याकाळी टाकतो.

अशोकचौक_पद्मा:
थंडी कुणीच लिहिली नाही? थिएटरमध्ये एसी इतका की शो संपेपर्यंत दात वाजतात. मी आमच्या मागावरची पातळ सुती चादर शाल म्हणून नेली होती, शुद्ध पांढरी, निळी किनार. रेशमी साडीवर ती इतकी खुलली की दोघी-तिघींनी कुठून घेतली विचारलं. सासरे मागावर बसायचे, त्यांनी विणलेली शेवटची. शाल, स्टोल, काहीतरी हातात असू द्या, बिनबाह्यांचं घालणार असाल तर नक्कीच.

साखरपेठ:
पद्मा, ती चादर जपून ठेव गं.

अशोकचौक_पद्मा:
ठेवलीय अक्का. डांबरगोळ्या नाही, कडुनिंबाचा पाला.

मोदीखाना:
वेळेचं गणित सांगते, कारण कपड्यांपेक्षा तिथंच धांदल होते. रात्रीचं जेवण बऱ्याच जहाजांवर दोन पंगतीत असतं, एक सहाच्या सुमारास, दुसरी आठ-सव्वाआठला. बंदरावर दिवसभर फिरून पाचला परत आलात तर आंघोळ, केस, साडी हे सगळं तासाभरात होत नाही, त्यातून आई आणि मुलगी दोघींना एकाच आरशात नेसायचं. आम्ही बुकिंगच्या वेळीच दुसरी पंगत मागून घेतली. आमच्याबरोबरच्या एका वहिनींनी साड्या आधीच शिवून, निऱ्या टाचून आणल्या होत्या. पाच मिनिटांत तयार! त्यांना कुणी हसू नका, त्या सगळ्यात आधी टेबलावर असायच्या आणि सगळ्यात ताज्या दिसायच्या.

दुसऱ्या दिवशी काय घालायचं ते आदल्या संध्याकाळी खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, आता फोनच्या ॲपवर पण दिसतं. ते वाचून झोपायचं.

विजापूरवेस:
शेंगा चटणी नेऊ देतात का कुणाला म्हाईताय?

मधलामारुती:
घरची उघडी नको, दुकानातलं सीलबंद पाकीट घे. आमच्या ग्रुपची सीलबंद पाकिटं कुणी काढली नाहीत. पण आपल्या कंपनीला आधी मेल करून विचार. कडक भाकरी पण नेली होती आमच्या ग्रुपने. गाला नाइटच्या टेबलावर झिंग्यांच्या शेजारी कडक भाकरी-चटणी, बंदगळा घालून. मस्त जेवलो.

पोर्टसाइड_मुलगा:
असं टेबल माझ्या वाट्याला कधी येणार 😭

रेल्वेलाइन्स:
माझा प्रश्न बाजूला राहील म्हणून आत्ताच विचारते. आईचे गुडघे दुखतात, ती चपलाच घालते. गाला नाइटला बूट लागतात का? हील्स?

मोदीखाना:
अजिबात नाही. हील्स तर नकोतच. जहाज हललं की पाऊल वाकडं पडतं, आणि बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, त्याला अडखळायला होतं. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घ्या. नेसल्यावर दिसत पण नाही. साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसवा. आणि शो सुटल्यावर लिफ्टला गर्दी होते, दहा मिनिटं खुर्चीत बसून राहा, मग निघा.

रेल्वेलाइन्स:
आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते पट्टा नको, अंगठा हवा.

मोदीखाना:
मग अंगठ्याची कोल्हापुरी नको, तळ घसरतो. रबरी तळाची बघा.

होटगीरोड:
आले परत. अलास्काचं कुणी केलंय का? साखरपेठच्या आजींना नऊवारीत तिकडं कसं जमेल?

जुळे_सोलापूर:
माझी बहीण मुलाकडे सिएटलला होती, तिथून केली तिने, जूनमध्ये. रात्री उशिरापर्यंत उजेड, सगळे जेवण अर्धं टाकून देवमासे बघायला डेकवर पळतात. त्यामुळे जेवायचे कपडे आणि थंडीचे कपडे एकाच अंगावर लागतात. तिने साडीच्या आत थर्मल पायमोजे-पँट, पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाउज आणि वर वारा न शिरणारं जाकीट असं केलं. आत आलं की जाकीट काढायचं, खाली रेशमी साडी तयारच. नऊवारीला तर उलट सोपं, कासोट्यात आतली थर्मल पँट दिसतही नाही आणि चालायला पाय मोकळे. लोकरीची कानटोपी आणि हातमोजे मात्र हवेतच.

साखरपेठ:
हे फार कामाचं सांगितलंस. लोकरी ब्लाउज! आमच्या शिंपीणबाईंना उद्याच विचारते. सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकतायत. त्यांचा निरोप आहे की बंदगळावाल्या भाऊंनी आणि शिवलेल्या साडीच्या वहिनींनी चांगलं केलं, आणि टॉवेलवाल्यांनी हत्ती शिकवावा.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
आजींना घरी येऊन शिकवतो. चहा ठेवा.

नवीपेठ_नवीनवरी:
ताई, मला वाटतं त्या दुकानातली मुलगी मीच. मंगळवारी, संध्याकाळी? गाऊन घेतला नाही. मार्चमध्ये जातोय, चार रात्री. शालू फार जड आहे म्हणून साखरपुड्याची नारायणपेठ नेतेय. एकच भीती आहे, सुटकेसमध्ये तिची पार घडी मोडेल आणि तिथं इस्त्री नाही. कशी भरू?

साखरपेठ:
अगं तूच का! नारायणपेठ अगदी योग्य, हलकी आहे आणि काठ उठून दिसतो. आता नीट ऐक. साडीच्या जुन्या घडीवर परत घडी घालू नकोस, उलगडून नव्या जागी दुमड. मऊ सुती पंचात किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळी करून ठेव, जरीचा काठ आत. तीन पदरी घडी घालून वर जड वस्तू ठेवलीस तर सुरकुती पडणारच, गुंडाळीला ती पडत नाही. सुटकेसमध्ये सगळ्यात वर ठेव आणि खोलीत पोचल्या पोचल्या हँगरला लाव. ब्लाउज, परकर आणि पिनांची डबी त्याच पंचात बांध, वेगळ्या बॅगेत नको. बाकी काही राहिलं तर बोटीवरच्या दुकानात किंवा बंदरात मिळेल, परकर मात्र कुठेच मिळणार नाही.